सेंट लुशिया ते ग्रेनडा: शिडाच्या बोटीने बेटांच्या रांगेतून

कॅरिबियनच्या पूर्वेकडच्या बेटांत शिडाची बोट चालवताना दिवसाचे गणित उलट्या बाजूने मांडायचे असते. सकाळी किती वाजता निघायचे हे नंतर ठरते. मुक्कामाच्या जागी दुपारी तीनच्या आत कसे पोचायचे हे आधी. ऊन वर असेपर्यंतच पाण्याखालचा खडक दिसतो. कार्यालयाची वेळ टळली की कस्टम्सवाले जादा आकार लावतात. हिवाळ्यात सहाच्या आसपास सूर्य बुडतो आणि त्या अक्षांशावर संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. भाड्याच्या बोटींच्या करारात रात्री चालवायला बहुधा मनाई असते, तीही याच कारणाने. इथे वारा पुरेसा आणि भरवशाचा असतो, त्यामुळे बोट चालवणे त्या मानाने सोपे जाते. बहुतेक अडचणी उभ्या राहतात त्या पोचताना.

वाट उत्तरेकडून दक्षिणेकडे घ्यावी, असे आमचे ठाम मत आहे. सेंट लुशियाच्या रॉडनी बेवरून निघून सेंट व्हिन्सेंट, बेक्विया, कानुआन, टोबॅगो केज, युनियन, कॅरियाकू असे करत ग्रेनडाला बोट सोडायची. व्यापारी वारे ईशान्य ते आग्नेय या पट्ट्यातून, बहुतेक दिवस पूर्वेकडून येतात. बेटांची रांग दक्षिणेकडे जाताना किंचित पश्चिमेला कलते, त्यामुळे उतरताना वारा बोटीच्या कुशीवर किंवा थोडा मागून मिळतो. हीच वाट उलटी केली तर वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर येतात, आणि सेंट व्हिन्सेंटहून सेंट लुशियाला चढताना माणसे दिवसभर भिजतात. एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडण्याचे वेगळे शुल्क पडते, पण ते देणे परवडते. दहा-बारा दिवस हाताशी असावेत. आठवड्यात ही वाट उरकायला गेले तर एकाही ठिकाणी वाऱ्यासाठी थांबायची सोय राहत नाही.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत ज्यांना तिथे ‘ख्रिसमस विंड्स’ म्हणतात ते वारे चालतात. २५ ते ३० नॉटचा (ताशी सागरी मैल) वारा सलग काही दिवस टिकतो आणि बेटांमधल्या खाड्यांमध्ये चांगलीच लाट उठते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी मार्च ते मेचा मध्य निवडावा. तेव्हा वारा १५ ते २० नॉटवर येतो. मुंबईच्या बंदरात दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर शीड शिकलेल्यांना हासुद्धा जोराचाच वाटेल, कारण तो संध्याकाळी पडत नाही. रात्रभर तसाच वाहत राहतो.

कागदपत्रांचे काम निघण्याआधी महिनाभर तरी हाती घ्यावे. सेंट लुशिया, सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनडिन्स आणि ग्रेनडा हे तीन स्वतंत्र देश आहेत. तिन्हींचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी प्रत्येकाचे तपासावेत. उत्तरेकडचे मार्टिनिक जोडण्याचा मोह होतो, कारण ते रॉडनी बेवरून एका दिवसाच्या टप्प्यात आहे. पण मार्टिनिक फ्रान्सचा भाग असले तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही. भारतीय पासपोर्टवर पर्यटनाच्या साध्या शेंगेन व्हिसाने काम भागत नाही, त्या प्रदेशासाठीचा व्हिसा वेगळा मागावा लागतो. लंडन, अमेरिका किंवा कॅनडामार्गे जायचे तर ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्नही त्याच वेळी सोडवावा. आणखी एक गोष्ट हमखास आडवी येते. जाताना तुम्ही सेंट लुशियाला उतरणार आणि परतीचे विमान ग्रेनडाहून, म्हणजे विमान कंपनीच्या दृष्टीने तुमच्याकडे सेंट लुशियातून बाहेर पडण्याचा पुरावाच नाही. बोट देणाऱ्या कंपनीकडून बोटीचे नाव, सगळ्यांची नावे आणि प्रवासाची दिशा लिहिलेले पत्र घेऊन त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. सेंट लुशियाचा मोठा विमानतळ हेवानोरा दक्षिण टोकाला आहे आणि रॉडनी बे उत्तर टोकाला; घाटरस्त्याने दीड तास धरावा. बोट ताब्यात घेण्याचा आणि उतरण्याचा दिवस एकच ठेवू नये.

बोट चालवण्याच्या पात्रतेसाठी कंपन्या ब्रिटिश संस्था आरवायएचे ‘डे स्किपर’, अमेरिकी संस्था एएसएचे १०४ किंवा त्या तोडीचे प्रमाणपत्र बघतात आणि सोबत अनुभवाचा तक्ता मागतात: कोणत्या लांबीची बोट, कोणत्या पाण्यात, किती दिवस, जबाबदारी कोणाकडे. नांगर टाकून मुक्काम केल्याचा अनुभव त्यात स्पष्ट लिहावा. तो कमी असेल तर पहिले दोन-तीन दिवस स्थानिक कप्तान बरोबर घ्यावा. तो पैसा वाया जात नाही.

बोट ताब्यात घेताना कंपनीचा माणूस तासाभरात सगळे दाखवून मोकळा होऊ बघतो. त्याला थांबवून प्रत्येक वस्तू चालवून बघावी. मेनसेल (मुख्य शीड) पूर्ण चढवावे, पहिली आणि दुसरी रीफ (वारा वाढला की शिडाचा खालचा भाग दुमडून ते लहान करणे) तिथल्या तिथे घेऊन दाखवायला सांगावे. रीफच्या दोऱ्या अदलाबदल झालेल्या किंवा कप्पीत अडकलेल्या आढळणे अजिबात दुर्मीळ नाही. जेनोआ (पुढचे शीड) गुंडाळायची दोरी ड्रमवर नीट बसली आहे का बघावे. नांगराची साखळी किती मीटर आहे आणि तिच्यावर खुणा कशा आहेत हे विचारावे. ५० मीटरपेक्षा कमी असेल तर हरकत घ्यावी. साखळीचे आतले टोक बोटीला बांधलेले आहे ना, हेही उघडून पाहावे. नांगर ओढणाऱ्या विंडलासचा ब्रेकर कुठे आहे हे आत्ताच कळलेले बरे, कारण तो उडतो तेव्हा बोट वाऱ्याने मागे सरकत असते. बोटीच्या तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्जपंप हाताचा आणि विजेचा, दोन्ही. समुद्राच्या पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह बंद-उघड करून. फ्लेअर्सवरच्या (संकटाच्या इशाऱ्याचे दारूचे दिवे) तारखा. सुट्या भागांत इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे रबरी चक्र), पट्टा आणि तेल असलेच पाहिजे. बोटीच्या बाहेरच्या बाजूवरचे सगळे ओरखडे तारखेसह व्हिडिओत घ्यावेत. अनामत रक्कम परत मिळताना त्याचा उपयोग होतो.

एकपात्री बोट (एका सांगाड्याची) की दोन सांगाड्यांची कॅटामरान, हा प्रश्न पैशांपेक्षा स्वभावाचा आहे. कॅटामरान कमी झुलते आणि कमी पाण्यात जाते. पण एकपात्री बोट शीड जास्त झाले की कलते, सुकाणू जड होते आणि तुम्हाला सांगते. कॅटामरान काहीच सांगत नाही. तिच्यावर वाऱ्याचा आकडा बघूनच शीड कमी करायचे.

मुंबई-गोव्याच्या पाण्यात वाढलेल्यांनी दोन सवयी किनाऱ्यावर ठेवाव्यात. पहिली बोयांची, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांची. भारत आयएएलए या सागरी खुणांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ‘अ’ विभागात येतो, बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला. कॅरिबियन ‘ब’ विभागात आहे. शिरताना लाल उजवीकडे, हिरवी डावीकडे. दमलेल्या अवस्थेत जुनी सवय उफाळून येते, म्हणून सुकाणूजवळ चिकटपट्टीवर लिहून लावावे. दुसरी सवय भरती-ओहोटीची. मुंबईत पाणी चार-पाच मीटर चढउतार करते. इथे अर्धा मीटरसुद्धा जेमतेम. त्यामुळे नांगरासाठी खोलीचा हिशोब सोपा होतो, पण वाळूत किंवा खडकावर रुतलात तर भरतीची वाट पाहून सुटका नाही.

पहिला टप्पा रॉडनी बे ते सुफ्रिएर, पंधरा-अठरा सागरी मैल, बेटाच्या आडोशाने. डोंगराळ बेटांच्या पश्चिमेला वारा अर्धवट मिळतो: दहा मिनिटे काहीच नाही आणि मग दरीतून २५ नॉटचा झोत. शीड कमी ठेवून इंजिन चालू ठेवणे शहाणपणाचे. सुफ्रिएरला १९९५ पासून सागरी संरक्षित क्षेत्र आहे, नांगर टाकायला मनाई. तिथल्या मूरिंग बोयांना (बोट बांधण्यासाठी तळाला पक्के केलेले तरंगते बोये) बांधायचे आणि रेंजर येऊन शुल्क घेतो. किनाऱ्यावरची दोन शिखरे, ग्रो पितों ७९८ मीटर आणि पती पितों ७४३ मीटर. दोघांच्या पायथ्याशी समुद्राचा तळ तसाच उभा घसरत गेलेला आहे, त्यामुळे मनाई नसती तरी नांगराला तिथे जागा कमीच. बोयाला बांधल्यावर कोणीतरी पाण्यात उतरून खालची दोरी आणि शॅकल (जोडणारी धातूची कडी) बघावे. स्वतःच्या दोन दोऱ्या, डाव्या-उजव्या खुंटीवर स्वतंत्र, बोयाच्या कडीतून ओवून परत आणाव्यात.

इथेच तुमच्याकडे स्थानिक तरुणांच्या होड्या येतात. दोरी पकडून देणे, फळे, पाव, बर्फ, धबधब्याची सफर, सगळे ते पुरवतात. हे त्यांचे रोजगाराचे काम आहे, त्यांना आदराने बोलावे, भाव आधी ठरवावा आणि सुटे पैसे ठेवावेत. तिन्ही देशांत पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो. १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० हा दर बांधलेला आहे. फक्त कचऱ्याची पिशवी पैसे देऊन होडीवाल्याला देऊ नये. ती पुढे कुठे टाकली जाते याची खात्री नसते. बंदरातल्या कचराकुंडीपर्यंत स्वतः न्यावी.

सुफ्रिएरहून बेक्विया पन्नास-पंचावन्न सागरी मैल. ताशी ६ मैलांनी नऊ तास. म्हणून देश सोडण्याची कस्टम्स-इमिग्रेशनची मोहोर आदल्या दिवशी उमटवून घ्यायची आणि झुंजुमुंजू होताच बोया सोडायचा. मळमळीची गोळी घ्यायची तर आदल्या रात्रीच; खाडीत शिरल्यावर घेतलेली गोळी पोटात थांबत नाही. दोन बेटांमधली खाडी वीस-पंचवीस मैलांची आहे आणि तिथे अटलांटिकची लाट थेट येते. प्रवाह पश्चिमेला ओढतो. बोटीचा वेग ६ नॉट आणि आडवा प्रवाह १ नॉट असेल तर सुमारे १० अंश पूर्वेकडे तोंड ठेवल्याशिवाय बोट आखलेल्या रेषेवर राहत नाही. जीपीएसवरची प्रत्यक्ष दिशा आणि होकायंत्रावरचे तोंड, दोन्हींवर नजर ठेवावी. सुरुवातीलाच दोन-तीन मैल पूर्वेला राखून ठेवलेले चांगले; शेवटी ते वाऱ्याविरुद्ध मिळवणे फार महाग पडते.

खाडीत शिरण्याआधी, बेटाच्या आडोशातच रीफ घ्यावी. सलग १८ ते २० नॉटला पहिली, २५ ला दुसरी. बेटांच्या टोकांशी वारा दाबून निघतो, त्यामुळे सेंट व्हिन्सेंटचे उत्तर टोक जवळ आल्यावर खाडीतल्यापेक्षा पाच-सहा नॉट जास्तच धरावे. क्रम असा: मेनशीट (मुख्य शीड आवळण्याची दोरी) सैल करून शिडातला वारा सांडू द्यायचा, पुढचे शीड ओढत ठेवायचे म्हणजे बोट चालत राहते. हॅलयार्ड (शीड वर चढवण्याची दोरी) खुणेपर्यंत सोडायचे, शिडाचे पुढचे कडे हुकात अडकवायचे, हॅलयार्ड पुन्हा ताणायचे. मगच मागच्या कोपऱ्याची रीफची दोरी, शिडाचा तळ सपाट होईपर्यंत. शेवटी मेनशीट. घाईत मागची दोरी आधी ओढली तर शिडाचा पुढचा कोपरा वर राहतो आणि कापड तिरके ताणले जाऊन फाटते. रीफ सोडताना बूमभोवती (शिडाच्या तळाची आडवी काठी) बांधलेली बारीक बंधने आधी काढायची. एक जरी राहिले तरी हॅलयार्डच्या ताणाने शीड तिथेच टरकते. खाडी ओलांडताना डिंगी (किनाऱ्यावर जाण्याची छोटी होडी) मागे ओढायची असेल तर तिचे इंजिन काढून बोटीच्या कठड्यावर बसवावे. लाटेने डिंगी उलटते आणि इंजिन निकामी होते.

सेंट व्हिन्सेंटच्या उत्तरेला सुफ्रिएर हाच नावबंधू ज्वालामुखी आहे, एप्रिल २०२१ मध्ये फुटलेला. वेळ कमी पडतोय असे दिसले तर बेटाच्या पश्चिमेला वालिलाबू किंवा कंबरलंडला थांबावे. तिथे तळ इतका उतरता आहे की नुसता नांगर धरत नाही. बोटीचे तोंड समुद्राकडे, पुढे नांगर खोल पाण्यात आणि मागून लांब दोरी किनाऱ्यावरच्या माडाला. ती दोरी होडीवाला नेऊन बांधतो. ४०-५० मीटरची दोरी हाताशी मोकळी करून ठेवावी, आणि मागे सरकताना ती पंख्यात जाऊ नये म्हणून एक माणूस तेवढ्याच कामावर ठेवावा.

बेक्वियाच्या अ‍ॅडमिरल्टी बेमध्ये शिरताना उत्तरेकडच्या टोकाशी डेव्हिल्स टेबल हा उथळ खडक आहे, त्याच्या खुणेला वळसा घालून यावे. नव्या देशात आलात म्हणजे उजव्या दोरीवर पिवळा ‘क्यू’ झेंडा चढलेला हवा. परवानगी मिळेपर्यंत फक्त कप्तानाने उतरायचे. सेलक्लिअर या संकेतस्थळावर माहिती आधी भरून ठेवली की पोर्ट एलिझाबेथच्या कार्यालयात वेळ वाचतो. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, मागच्या देशाचा निर्गमन कागद आणि नावांची यादी, या सगळ्याच्या प्रती न्याव्यात. परवानगी मिळाली की पिवळा उतरवून त्या देशाचा झेंडा.

नांगर टाकण्याला अर्धा तास द्यायची तयारी ठेवावी. प्रथम वाळू शोधायची: पाण्यातून फिकट दिसते ती वाळू, काळपट हिरवे ते समुद्री गवत, तपकिरी तो प्रवाळखडक. गवतात नांगर घसरतो आणि प्रवाळ मोडतो, म्हणून वाळूच. वाऱ्याकडे तोंड करून बोट पूर्ण थांबू द्यायची, नांगर तळाला टेकेपर्यंत सोडायचा आणि बोट मागे सरकेल तशी साखळी द्यायची. एका जागी ढीग घातला तर साखळी नांगरालाच गुरफटते. लांबीचा हिशोब पाण्याच्या पृष्ठापासून नव्हे तर बोटीच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) करावा. पाणी ५ मीटर आणि नाळ दीड मीटर उंच, म्हणजे साडेसहा. त्याच्या पाचपट सुमारे ३३ मीटर, जोराचा वारा असेल तर सातपट, ४५ मीटर. मग इंजिन हळू मागे, साखळी ताठ झाल्यावर १५०० आरपीएमपर्यंत नेऊन अर्धा मिनिट धरायचे आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून बोट सरकते का बघायचे. शेवटी पाण्याखाली बघायचा मुखवटा लावून नांगरावर पोहत जायचे. नांगराची पाती वाळूत पूर्ण गाडलेली दिसली तरच काम झाले. आडवा पडलेला असेल तर दुपारच्या उजेडात पुन्हा टाकणे रात्री दोन वाजता टाकण्यापेक्षा बरे. साखळीचा ताण विंडलासवर कधी ठेवू नये. आठ-दहा मीटरची नायलॉनची दोरी हुकाने साखळीला लावून खुंटीवर घ्यावी. आणि सकाळी नांगर उचलताना विंडलासने बोट ओढायची नसते. इंजिन चालू ठेवून हळू पुढे जायचे, सैल झालेली साखळीच तेवढी गोळा करायची.

कानुआन वीस मैल, तिथून टोबॅगो केज पाच-सहा. अंतर एवढेसे, पण सगळ्या वाटेत जास्त काळजी इथेच. पती रामो, पती बातो, बाराडाल, जेम्सबी ही निर्मनुष्य बेटे हॉर्सशू रीफ या प्रवाळखडकाच्या कमानीआड आहेत. पूर्वेला आफ्रिकेपर्यंत जमीन नाही. समोरून पूर्ण वारा येतो आणि लाट मात्र प्रवाळ अडवतो. आत शिरायची वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, म्हणून सकाळी लवकर जाऊ नये: ऊन डोळ्यांवर येते आणि पाणी नुसते चांदीसारखे चमकते. अकरा ते दोन ही वेळ. ध्रुवीकरण केलेला चष्मा लावलेला एक माणूस बोटीच्या नाकावर उभा, हाताच्या खुणा आधीच ठरलेल्या. गडद निळे म्हणजे खोल, नीलहिरवे म्हणजे वाळूवर पाच-सात मीटर, फिकट हिरव्या-पांढऱ्याकडे जायचे नाही, तपकिरी-पिवळसर दिसले की थांबायचे. ढगाची सावली खडकासारखी दिसते, ती सरकते का बघावे. इलेक्ट्रॉनिक नकाशावर झूम कमी असेल तर खडक गाळले जातात. पूर्ण मोठा करून बघावा आणि तरीही डोळ्यांचे ऐकावे.

हे सागरी उद्यान आहे. माणशी शुल्क, बोयांचे वेगळे. कासवांच्या भागात दोरांनी आखलेल्या हद्दीत डिंगी नेत नाहीत. कासवे गवत चरत असतात, त्यांच्या वर तरंगत राहावे, मागे लागू नये. शौचालयाची टाकी इथे रिकामी करायची नाही. ती खुल्या खोल पाण्यात, किनाऱ्यापासून दूर.

टोबॅगो केजमध्ये पाणी, डिझेल, दुकान काही नाही, म्हणून हिशोब बोटीतच. माणशी दिवसाला १०-१५ लिटर गोडे पाणी. भांडी समुद्राच्या पाण्यात धुऊन शेवटी गोड्याने विसळायची. फ्रिज बॅटरी सर्वात जास्त खातो. साध्या बॅटरीचा विश्रांतीतला दाब १२.२ व्होल्टवर आला की ती अर्धी उतरली. त्याआधीच इंजिन लावावे. २०११ पासून सरगॅसम हे तरंगते शेवाळ मोठ्या प्रमाणात येते. ते इंजिनाच्या पाण्याच्या तोंडाशी बसते आणि तापमानाचा भोंगा वाजतो. इंजिन बंद करायचे, व्हॉल्व्ह बंद, गाळणी साफ, व्हॉल्व्ह उघडा, पुन्हा चालू. मागून पाणी पडताना दिसले नाही तर इम्पेलरकडे वळायचे.

१ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ कॅरियाकूवर आदळले आणि युनियन, मेयरो, कानुआनलाही त्याने झोडपले. कॅरियाकूच्या टायरेल बेमधल्या खारफुटीत आसऱ्याला गेलेल्या अनेक बोटी गेल्या. जुन्या मार्गदर्शिकांतले धक्के, बोया, दुकाने आता तिथे असतीलच असे नाही. निघण्याआधी ताजी माहिती घ्यावी. आणि जे उघडले आहे तिथे पैसे खर्च करावेत, लोकांना ते हवे आहेत. युनियनच्या क्लिफ्टनला सेंट व्हिन्सेंटचे निर्गमन होते. बंदराच्या मधोमध राउंडअबाउट रीफ हा प्रवाळखडक आहे, तिच्याभोवती हळू. कॅरियाकूला टायरेल बेमध्ये ग्रेनडाची नोंद.

कॅरियाकूहून ग्रेनडाची राजधानी सेंट जॉर्जेस तीस मैल. सरळ रेषा ओढली तर ती किक-एम-जेनी या पाण्याखालच्या ज्वालामुखीजवळून जाते. ग्रेनडाच्या उत्तरेला सुमारे ८ किलोमीटरवर. १९३९ मध्ये पहिला नोंदलेला उद्रेक. त्याच्याभोवती दीड किलोमीटर कायम बंद, इशारा नारिंगी झाला तर ५ किलोमीटर. कारण केवळ उद्रेक नाही: तळातून वायू सुटला की पाण्याची घनता घटते आणि बोट तरंगायची थांबते. निघण्याआधी इशाऱ्याची पातळी बघून वाट आखावी.

सेंट जॉर्जेसला किनाऱ्यावर रोटी मिळते, मसाल्याचे कोंबडीचे किंवा बटाट्याचे सारण गुंडाळलेली. १८५७ च्या मेमध्ये ‘मेडस्टोन’ जहाजाने भारतीय करारबद्ध मजूर इथे आले, त्या परंपरेशी तिचे नाते आहे. बोट परत देताना डिझेल भरून पावती ठेवावी; पाणबुड्या तळ आणि कील (तळाखालचा जड उभा भाग) तपासतो तेव्हा शेजारी उभे राहावे. आणि विमानतळावर जाण्याआधी कप्तानाबरोबर इमिग्रेशनला जाऊन सगळ्यांची नावे बोटीच्या यादीतून काढून घ्यावीत. बोटीने आलेला माणूस विमानाने निघतो तेव्हा ती नोंद नसेल तर खिडकीवरचा अधिकारी परत बंदरावर पाठवतो.